प्रौढ नवशिक्यांची स्पॅनिश : वर्गातील आणि पडद्यावरील परीक्षा

कॅलिफोर्नियातील एखाद्या रुग्णालयात रात्रपाळी करणारी परिचारिका, बार्सेलोनात दुकान थाटून बसलेला भारतीय व्यापारी, पुण्यात बसून मेक्सिकोतील ग्राहकांच्या तक्रारींची दखल घेणारा कर्मचारी. या तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. परंतु तिघेही चाळिशीच्या आसपास स्पॅनिश भाषेची धुळाक्षरे गिरवू लागतात. कोणी संध्याकाळच्या वर्गाला जातो, कोणी घरी संगणकासमोर बसून ऑनलाइन अभ्यासक्रम पुरा करतो. सहा महिन्यांनी तिघांपुढेही एकच प्रश्न उभा राहतो : आपल्याला ही भाषा कितपत येते, आणि ते ठरवावयाचे कोणी?

हा प्रश्न केवळ हौसेचा राहिलेला नाही. जगातील वीस स्वतंत्र राष्ट्रांची राजभाषा स्पॅनिश असून सुमारे ५० कोटी लोकांची ती मातृभाषा आहे. एकट्या अमेरिकेत ती घरात बोलणाऱ्यांची संख्या ४ कोटींहून अधिक आहे. स्पेनमध्ये २०१५ सालापासून नागरिकत्व मागणाऱ्या प्रौढ परदेशी व्यक्तीस, तिची मूळ भूमी स्पॅनिशभाषक नसल्यास, भाषेच्या 'अ-२' पातळीचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. त्याखेरीज देशाच्या राज्यघटनेची व समाजजीवनाची वेगळी परीक्षा असते. तीत २५ प्रश्नांपैकी १५ बरोबर यावे लागतात. दहा वर्षे तेथे राहून, कर भरून, मुले तेथील शाळेत घालून झालेल्या माणसाचा अर्ज एका भाषा-परीक्षेवर अडू शकतो. मोजमापात चूक झाली तर तिची किंमत कोणाला मोजावी लागते, हे यावरून ध्यानात येईल.

'येते' म्हणजे काय?

पूर्वी परकी भाषा येणे म्हणजे तिचे व्याकरण पाठ असणे व उताऱ्याचे भाषांतर करता येणे, असा समज सर्वत्र होता. आपल्याकडील इंग्रजीच्या जुन्या परीक्षा ज्यांनी दिल्या आहेत त्यांना हे वेगळे सांगावयास नको. या समजाला पहिला मोठा धक्का बसला तो अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात. परदेशी नेमणूक होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी कोणाला कोणती भाषा खरोखर बोलता येते याची नोंद घेण्याचे काम १९५० नंतरच्या दशकात सुरू झाले. तेव्हा कागदावरील पदव्या आणि प्रत्यक्ष संभाषण यांचा फारसा मेळ नाही असे आढळून आले. त्यातून त्या खात्याच्या प्रशिक्षण संस्थेने शून्य ते पाच अशी श्रेणी व तोंडी मुलाखतीची पद्धत तयार केली. याच संस्थेच्या अनुभवानुसार, इंग्रजी मातृभाषा असलेल्या अधिकाऱ्यास कामकाजापुरती स्पॅनिश येण्यास वर्गातील सुमारे ६०० ते ७५० तास लागतात. आठवड्यातून दोन संध्याकाळी दीड-दीड तास, वर्षाचे चाळीस आठवडे, असा हिशेब केला तर वर्षाला १२० तास भरतात. म्हणजे नोकरी सांभाळून शिकणाऱ्या माणसास किमान पाच वर्षे हवीत. 'तीन महिन्यांत अस्खलित स्पॅनिश' या जाहिराती वाचताना हा हिशेब जवळ ठेवणे बरे.

पुढे १९८६ मध्ये अमेरिकेतील परकी भाषा शिक्षकांच्या परिषदेने या श्रेणीला महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या मापाचे रूप दिले. सरकारी श्रेणीच्या तळाशी एकाच पायरीवर दाटीवाटीने उभे असलेले नवशिके तीत तीन उपपायऱ्यांवर विभागले गेले. युरोपात २००१ साली युरोपीय परिषदेने अ-१ पासून क-२ पर्यंत सहा पातळ्यांची चौकट प्रसिद्ध केली. आज स्पॅनिशच्या बहुतेक परीक्षा तिच्याशीच जोडलेल्या आहेत. या चौकटीचे वैशिष्ट्य असे की, विद्यार्थ्यास काय 'ठाऊक आहे' याऐवजी त्यास काय 'करता येते' याची ती विचारणा करते. अ-१ पातळीचा मनुष्य स्वतःची ओळख करून देऊ शकतो, कोठे राहतो ते सांगू शकतो, समोरचा सावकाश बोलला तर त्याचे साधे म्हणणे समजू शकतो. त्याला भूतकाळाची सर्व रूपे यावीत अशी अपेक्षा नसते. परंतु दुकानात किंमत विचारता यावी, अशी मात्र असते.

नवशिका नेमका कोण?

मोजमापातील पहिली अडचण शिकवणे सुरू होण्यापूर्वीच उभी राहते. प्रौढांच्या प्रारंभिक वर्गात बसलेले सगळेच खरे नवशिके नसतात. अमेरिकेत तर शाळेत दोन वर्षे स्पॅनिश शिकून ती विसरलेली माणसे अशा वर्गात हमखास भेटतात. त्यांना पहिले दोन महिने सर्व सोपे जाते व त्यांच्यामुळे शेजारी बसलेला खरा नवशिका उगाच खचतो. दुसरा गट मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांतील प्रौढांचा. आजीशी घरात घडाघडा बोलणारी ही माणसे लेखी परीक्षेत मात्र अडखळतात, कारण त्यांनी ती भाषा कागदावर कधी पाहिलेलीच नसते. लेखी चाचणीवरून त्यांना पहिल्या वर्गात घातले तर वर्गाचा व त्यांचा, दोहोंचाही वेळ वाया जातो. गोव्यातील पोर्तुगीज जाणणाऱ्या वृद्ध मंडळींची गत नेमकी उलट असते. पोर्तुगीज व स्पॅनिश या बहिणी-बहिणी असल्यामुळे स्पॅनिश वर्तमानपत्राचा बराचसा मजकूर ती वाचून समजतात. पण म्हणून त्यांना स्पॅनिश बोलता येते असे नव्हे. वाचनाच्या एका चाचणीवर त्यांची पातळी ठरवली तर निकाल फसवा निघेल.

मराठी भाषकांच्या बाबतीतही हा विचार करण्याजोगा आहे. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी लिहिलेल्या पाठ्यपुस्तकांत 'मे गुस्ता एल मांगो' या वाक्यरचनेवर पानेच्या पाने खर्ची पडतात. तिचा अर्थ 'मला आंबा आवडतो'. आंबे अनेक झाले की 'मे गुस्तान लोस मांगोस', म्हणजे 'मला आंबे आवडतात'. आवडणारी वस्तू कर्ता होते, क्रियापद तिच्यामागे जाते, आणि ज्याला आवडते तो 'मला' म्हणून बाजूला उभा राहतो. इंग्रजी माणसास ही उलथापालथ वाटते. मराठी माणसास तीत नवल काहीच नाही. 'बेओ ला कासा' म्हणजे 'मी घर पाहतो', पण 'बेओ आ हुआन' म्हणजे 'मी हुआनला पाहतो'. कर्म मनुष्य असेल तर त्यापूर्वी एक अव्यय येते. आपणही घर पाहतो, परंतु माणसाला पाहतो. अनोळखी व वडीलधाऱ्या माणसास 'उस्तेद' म्हणावयाचे आणि मित्रास 'तू', हेही येथे शिकवावे लागत नाही. स्पॅनिशमधील 'तू' उच्चारालाही 'तू'च आहे. प, त, क हे वर्ण महाप्राण न करता उच्चारणे इंग्रजी भाषकास महिनोन्‌महिने जमत नाही. मराठी जिभेला ते पहिल्या दिवशी जमते.

याचा परीक्षेशी संबंध असा की, अमेरिकी विद्यार्थ्यांच्या चुका डोळ्यांपुढे ठेवून रचलेली चाचणी मराठी विद्यार्थ्यास त्याच्या खऱ्या तयारीपेक्षा वरचे गुण देऊन जाईल, आणि त्याच्या खऱ्या अडचणी तिच्या जाळ्यातून निसटतील. मराठीत उपपद नाही. त्यामुळे 'एल' आणि 'ऊन' यांपैकी कोणते केव्हा वापरावयाचे, येथे तो घोटाळतो. लिंगविचार त्याच्या ओळखीचा असला तरी मराठीत लिंगे तीन व स्पॅनिशमध्ये दोन. आपले नपुंसकलिंगी पुस्तक तेथे पुल्लिंगी होते, टेबल स्त्रीलिंगी. आपल्या एका 'आहे' साठी तेथे 'सेर' आणि 'एस्तार' अशी दोन क्रियापदे आहेत. 'तो डॉक्टर आहे' याला एक, 'तो आजारी आहे' याला दुसरे. भारतात स्पॅनिश शिकविणाऱ्या शिक्षकाने आयती प्रश्नपत्रिका उचलण्यापूर्वी या बाबी तपासणे अगत्याचे आहे.

वर्गातील शिक्षकाचा कान

प्रत्यक्ष वर्गात शिक्षक रोज विद्यार्थ्याला पाहतो व ऐकतो. गेल्या आठवड्यात 'मला दोन कॉफी हव्या' एवढेही न जुळणारी बाई आज न अडखळता दुसऱ्याचे वाक्य सुधारते, ही प्रगती कोणत्याही उत्तरपत्रिकेत उतरत नाही. शिक्षकाच्या वहीत ती उतरू शकते. वर्गातील मूल्यमापनाचे हे बळ आहे.

मात्र त्याची एक दुर्बलताही आहे, आणि तिचा उच्चार क्वचितच होतो. शिक्षकाचा कान विद्यार्थ्याच्या उच्चाराला सरावतो. अर्धवट वाक्य, चुकीचा आघात, मध्येच घुसलेला इंग्रजी शब्द, हे सर्व तो आपोआप दुरुस्त करून ऐकतो. तोच विद्यार्थी बसस्थानकावर परक्या माणसापुढे उभा राहिला की त्याचे बोलणे कोणाला कळत नाही. स्पॅनिशमध्ये आघाताला अर्थ आहे. 'आब्लो' या शब्दात पहिल्या अक्षरावर जोर दिला तर 'मी बोलतो', शेवटच्यावर दिला तर 'तो बोलला'. 'पापा' म्हणताना शेवटी जोर दिला तर वडील, आरंभी दिला तर बटाटा. ओळखीचा शिक्षक संदर्भाने वडील कोणते व बटाटा कोणता ते ओळखतो आणि गुण देऊन टाकतो. त्यात प्रौढ विद्यार्थ्याबद्दलची सहानुभूती मिसळते. दिवसभर काम करून आलेल्या, कधी गैरहजर न राहणाऱ्या माणसास नापास करावयास हात धजत नाही. उपस्थिती व तळमळ या गोष्टी मोलाच्या आहेत, पण त्या म्हणजे भाषा नव्हे.

यास्तव स्पेन शासनाच्या 'देले' या परीक्षेत तोंडी चाचणीच्या वेळी दोन परीक्षक असतात. एक उमेदवाराशी बोलतो, दुसरा बाजूस बसून केवळ ऐकतो. दोघेही गुण देतात. ही पदविका १९८८ मध्ये सुरू झाली. १९९१ साली स्थापन झालेली 'इन्स्तितुतो सेर्वान्तेस' ही संस्था तिचे काम पाहते, आणि नवी दिल्लीतही तिचे केंद्र आहे. अ-१ पातळीसाठी वाचन व लेखन मिळून ५० गुण, श्रवण व संभाषण मिळून ५० गुण असतात. दोन्ही गटांत स्वतंत्रपणे किमान ३० गुण मिळाले तरच उमेदवार उत्तीर्ण होतो. वाचन-लेखनात ५० पैकी ५० मिळवून संभाषणातील उणीव भरून काढता येत नाही. ही एक तरतूद पुष्कळ काही सांगून जाते.

पडद्यामागील गुणांकन

ऑनलाइन अभ्यासक्रमांत परीक्षा अधिक वारंवार होते, निकाल तत्काळ लागतो, आणि यंत्राला कोणाची दया येत नाही. परंतु यंत्रास जे मोजणे सोपे, तेच ते अधिक मोजते, हा तेथील मूळ दोष होय. चार पर्यायांतून बरोबर उत्तर ओळखणे ही एक गोष्ट आणि मनातून वाक्य उभे करणे ही दुसरी. पहिली येणाऱ्यास दुसरी येतेच असे नाही.

याचे एक चांगले उदाहरण उपलब्ध आहे. भ्रमणध्वनीवर भाषा शिकविणाऱ्या ड्युओलिंगो या प्रसिद्ध कार्यक्रमाबाबत, त्या कंपनीच्याच अर्थसाहाय्याने २०१२ मध्ये दोन अमेरिकी संशोधकांनी पाहणी केली. या कार्यक्रमावर सरासरी ३४ तास स्पॅनिशचा अभ्यास केल्यास महाविद्यालयाच्या एका सत्राइतकी प्रगती होते, असा निष्कर्ष निघाला व तो सर्वत्र गाजला. प्रगती मोजण्यासाठी वापरलेली चाचणी ब्रिगहॅम यंग विद्यापीठात तयार झालेली होती. उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न कठीण, चुकले की सोपा, अशी तिची रचना. नव्या विद्यार्थ्यास कोणत्या वर्गात बसवावे हे ठरविण्यास ती उपयोगी आहे. परंतु ती व्याकरण, शब्दसंग्रह व वाचन तपासते. बोलणे ती तपासत नाही. तेव्हा '३४ तास म्हणजे एक सत्र' हे विधान वाचनापुरते मान्य केले तरी, ज्या सत्रात विद्यार्थी चार महिने तोंडाने बोलत होता त्याच्याशी ही बरोबरी पुरी होत नाही. शिवाय अशा पाहणीत शेवटची चाचणी तेच देतात जे शेवटपर्यंत टिकतात. पंढरपुरास पोचलेल्यांनाच विचारून वाट सोपी होती असे लिहिण्यासारखे ते आहे. ऑनलाइन अभ्यासक्रमांत मध्येच सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण मोठे असते, म्हणून कोणत्याही तुलनेत आरंभी किती होते व अखेरीस किती उरले हे आकडे प्रथम मागावेत.

याउलट, बोलण्याचीच तुलना करणारी एक पाहणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत स्पॅनिशचा संपूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रम चालविला जात असे. त्यातील विद्यार्थी, नेहमीच्या वर्गातील विद्यार्थी व दोहोंचे मिश्रण असलेल्या वर्गातील विद्यार्थी, अशा ३०० हून अधिक जणांची दूरध्वनीवरून सुमारे वीस मिनिटांची तोंडी चाचणी घेण्यात आली व गुण यंत्राने दिले. पहिल्या वर्षाच्या अभ्यासात तिन्ही गटांची बोलण्याची पातळी तुल्य आढळली. घरी बसून शिकणाऱ्यास बोलता येणार नाही, हा पुष्कळ अध्यापकांचा ग्रह या निष्कर्षाने सैल झाला. मात्र त्या ऑनलाइन अभ्यासक्रमात शिक्षकाशी प्रत्यक्ष आवाजी संवादाची सोय होती, ही गोष्ट दृष्टीआड करून चालणार नाही. केवळ पडद्यावर बोट टेकविण्याच्या अभ्यासाला हा निष्कर्ष लागू पडत नाही.

यंत्र बोलण्यास गुण कसे देते, असे कोणी विचारील. त्यामागे एक साधे तत्त्व आहे. ऐकलेले वाक्य जसेच्या तसे पुन्हा म्हणावयास सांगितले, तर लहान वाक्य पोपटपंचीनेही म्हणता येते. वाक्य लांबले की मात्र अर्थ व व्याकरण समजल्याखेरीज ते स्मरणात राहत नाही. परक्या भाषेतील पंधरा अवयवांचे वाक्य न समजता कोणी म्हणून दाखवावे! ते न जाणणारा मनुष्य सुरुवातीचे दोन शब्द व शेवटचा एक एवढेच म्हणतो. या तत्त्वावर स्पॅनिशसाठी तयार झालेल्या एका सुप्रसिद्ध चाचणीत सात ते सतरा अवयवांची ३० वाक्ये आहेत आणि प्रत्येकास शून्य ते चार गुण दिले जातात. तिला दहा मिनिटे पुरतात, महागडे साहित्य लागत नाही, आणि वर्गात वा दूरध्वनीवर ती सारखीच घेता येते. शिक्षकाने स्वतःच्या वर्गासाठी अशी वाक्ये रचणे अवघड नाही. ती चढत्या लांबीची असावीत एवढेच पथ्य.

प्रौढपणाच्या अडचणी

पंचेचाळीस वर्षांच्या माणसाची परीक्षा घेताना भाषेखेरीज आणखी पुष्कळ गोष्टी मोजल्या जाण्याचा धोका असतो. कानाची शक्ती उणावलेली असते, त्यामुळे गोंगाट मिसळलेले ध्वनिमुद्रण ऐकविले की श्रवणाची चाचणी श्रवणेंद्रियाची चाचणी होते. वीस-पंचवीस वर्षांत परीक्षेला न बसलेल्या माणसाचा हात थरथरतो. ऑनलाइन परीक्षेत आघातचिन्हे व 'न्य' चे वेगळे अक्षर टंकित करण्यातच त्याची मिनिटे जातात. त्या अक्षरावरील वेलांटीसारखे चिन्ह वगळले तर 'आन्यो', म्हणजे वर्ष, या शब्दाचा अर्थ चारचौघांत सांगता न येण्याजोगा होतो. यंत्र ही चूक एक गुण कापून सोडून देते. शिक्षक तीवर वर्गाला हसवतो, आणि ती चूक पुन्हा होत नाही.

सर्वांत बिकट प्रश्न अक्षरओळख नसलेल्यांचा. स्पेनमधील शेतांत व स्वयंपाकघरांत राबणारा एखादा स्थलांतरित मजूर स्पॅनिश उत्तम बोलतो, पण मातृभाषेतही लिहू-वाचू शकत नाही. अ-२ च्या परीक्षेचा निम्मा भाग वाचन-लेखनाचा. लिहिता-वाचता न येणाऱ्यांस आणि शिकण्यात विशेष अडचणी असणाऱ्यांस या परीक्षांतून सूट मागण्याची सोय तेथील न्याय मंत्रालयाने ठेवली आहे. परंतु ती मागण्यासाठी अर्ज करावा लागतो, हा त्यातील विरोधाभास.

ऑनलाइन परीक्षांपुढे अलीकडे एक नवी अडचण आली आहे. संगणकावरील भाषांतरयंत्रे व २०२२ नंतर प्रसार पावलेले कृत्रिम बुद्धिमत्तेचे कार्यक्रम यांमुळे घरी लिहिलेला निबंध कोणाचा, हे सांगणे दुरापास्त झाले आहे. तिसऱ्या आठवड्यातील विद्यार्थ्याच्या लेखनात संकेतार्थाची निर्दोष रूपे दिसू लागली की शिक्षकास संशय येतो, परंतु संशय म्हणजे पुरावा नव्हे. कॅमेऱ्याने पहारा ठेवण्याचे उपाय योजले गेले, पण एका खोलीच्या घरात मुलाबाळांसह राहणाऱ्यास ते जाचक ठरतात. यापेक्षा साधा उपाय ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाच्या जुन्या प्रथेशी जुळणारा आहे. तेथील भाषेचे विद्यार्थी लेखी स्वाध्यायाबरोबर स्वतःच्या आवाजातील ध्वनिफीतही टपालाने शिक्षकाकडे पाठवीत, आणि शिक्षक ती ऐकून सविस्तर अभिप्राय परत धाडीत. आज ध्वनिफितीचीही गरज नाही. निबंध मिळाल्यावर शिक्षकाने दूरध्वनी करून त्यातील दोन वाक्यांबद्दल स्पॅनिशमध्ये प्रश्न विचारावेत. 'तुम्ही बाजारात गेलात असे लिहिले आहे. काय आणलेत?' ज्याने लिहिले असेल तो चुकत-माकत का होईना, पण बटाटे आणले असे सांगेल, आणि वडील आणले असे म्हणाला तर कोणता आघात पुन्हा शिकवावयाचा तेही शिक्षकास त्याच वेळी कळेल.